सुएझचा ताप

गेल्या हिवाळ्यात बडे अब्बांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, मगरिबच्या नमाजानंतर एकाएकी हुडहुडी भरली. अंगावर दोन रजया टाकल्या तरी खाट हलत होती. "मेरेकू थंडी बजरी रे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अर्ध्या तासाने अंग तव्यासारखं तापलं, मग दरदरून घाम आला आणि ताप उतरला. घरच्यांना वाटलं, मलेरिया असेल. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागताच तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कापून दिल्या. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्या बाईकडून माळ आणली. बारीक काड्यांची ती माळ डोक्यावर ठेवायची. ती लांब होत होत गळ्याखाली उतरते, तशी कावीळही उतरते असा समज. आमच्या भागात हिंदू-मुसलमान दोघेही ही माळ घालतात. एकीचा दाखलाच द्यायचा तर हाही देता येईल.

चौथ्या दिवशी बडे अब्बा मला ओळखेनात. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खाली गेला होता. सोनोग्राफीत दिसलं की पित्ताशयातला एक खडा घसरून पित्तनलिकेत अडकला आहे आणि वर तुंबलेल्या पित्तात जंतू माजले आहेत. तरुण डॉक्टरांनी आधी रक्ताचा नमुना कल्चरसाठी काढून घेतला, लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं आणि मगच माझ्याशी बोलले. "इंजेक्शन जंतूंना थोपवून धरेल. पण नळीत अडकलेला खडा इंजेक्शनने निघणार नाही. वाट मोकळी करावी लागेल, आणि ती आज रात्रीच."

दुर्बिणीवाले डॉक्टर येईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी मोबाईलवर या आजाराबद्दल वाचत होतो. कोलँजायटिस, म्हणजे पित्तनलिकेचा संसर्ग. वाचता वाचता एका नावापाशी थांबलो. सर अँथनी ईडन. इंग्लंडचे पंतप्रधान, सुएझवाले ईडन.

आमच्या घरात हे नाव अनोळखी नाही. माझे धाकटे चाचा 1957 च्या जानेवारीत जन्मले. आजोबा रोज संध्याकाळी हॉटेलातल्या रेडिओवर बातम्या ऐकत. त्यांनी मुलाचं नाव ठेवलं जमाल. गमाल अब्देल नासरवरून. त्याच महिन्यात ईडन यांनी राजीनामा दिला होता, ही गोष्ट आजोबा पुढे कितीतरी वर्षं सांगत. ज्या माणसाच्या पराभवाच्या आनंदात आमच्या घरी एका मुलाचं नाव पडलं, त्याला बडे अब्बांचाच आजार होता, हे मात्र आजोबांना बहुधा ठाऊक नसावं.

हा आजार जुना आहे. आपल्याकडे कावीळ म्हटली की सगळ्या काविळी सारख्याच, पण तसं नाही, हे वैद्यकाला हजार वर्षांपासून माहीत आहे. इब्न सीनाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या 'अल-कानून'च्या तिसऱ्या ग्रंथात यरकानचा, म्हणजे काविळीचा, विचार केला आहे. काविळीच्या कारणांत तो 'सुद्दा' सांगतो. सुद्दा म्हणजे अडथळा, वाट बुजणं. पित्त आतड्यापर्यंत पोचलंच नाही तर मळाचा रंग पांढुरका पडतो, ही खूणही त्याने नोंदवली आहे. ही समज जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, याच्यापासून चालत आलेली होती. इब्न सीनाने ती नीट मांडली. आजही डॉक्टर काविळीच्या रोग्याला पहिल्या काही प्रश्नांत मळाचा रंग विचारतात. मात्र इब्न सीनाने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, असं म्हणण्याची जी हौस आपल्या काही मंडळींना असते, तिच्यात मला भाग घ्यायचा नाही. जंतू त्याला ठाऊक नव्हते. तुंबलेलं पित्त सडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगायची साधनं त्याच्यापाशी नव्हती. पण वाट बुजली आहे हे त्याने ओळखलं होतं. आमच्या घरी चार दिवस ते कुणालाही ओळखता आलं नाही.

पुढची नोंद पॅरिसची. साल्पेत्रिएर रुग्णालयातले जाँ-मार्तँ शार्को मेंदूच्या आजारांसाठी प्रसिद्ध, पण त्यांनी यकृतावरही व्याख्यानं दिली होती. 1877 च्या ग्रंथात त्यांनी एका विशिष्ट तापाचं वर्णन केलं. थंडी वाजून येणारा आणि जाणारा ताप, कावीळ, आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. ही तीन लक्षणं आजही शार्कोच्या नावाने शिकवली जातात. तिन्ही एकदम दिसतीलच असं नसतं. बडे अब्बांना पहिल्या रात्री फक्त ताप होता, म्हणून तर मलेरिया वाटला. 1959 मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या यादीत आणखी दोन लक्षणं घातली: रक्तदाब कोसळणं आणि भान हरपणं. ही दोन दिसली की दुखणं आता पित्तनलिकेपुरतं राहिलेलं नाही, जंतू रक्तात उतरले आहेत, असं समजायचं. अशा रोग्याला तातडीने शस्त्रक्रिया करून पित्ताला वाट दिली तरच तो वाचतो, असं त्यांनी बजावून लिहिलं. हे लिहिलं गेलं तेव्हा पेनिसिलिन बाजारात येऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती, हे ध्यानात ठेवावं. अँटिबायोटिक हाताशी असूनही ते असं का म्हणाले, हाच या आजाराचा मुख्य पेच आहे. ईडन यांची कहाणी त्याच पेचात अडकलेली आहे.

अँथनी ईडन म्हणजे इजिप्तला ओळखतही नसलेला कुणी गोरा साहेब नव्हे. ऑक्सफर्डला त्यांनी फारसी आणि अरबी हे विषय घेतले होते आणि 1922 मध्ये पहिल्या वर्गात पदवी मिळवली होती. 1955 च्या फेब्रुवारीत कैरोच्या ब्रिटिश वकिलातीत नासर त्यांना भेटले, तेव्हा ईडन त्यांच्याशी अरबीत बोलले. भाषा येणं आणि त्या भाषेत बोलणाऱ्यांचा हक्क मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशातही फारसी, मराठी, संस्कृत उत्तम जाणणारे इंग्रज अधिकारी कमी नव्हते.

1953 मध्ये ईडन परराष्ट्रमंत्री होते. पित्ताशयात खडे निघाले म्हणून 12 एप्रिलला लंडनमध्ये त्यांची शस्त्रक्रिया झाली. पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा झाली. शल्यविशारद जॉन बेसिल ह्यूम जुने, अनुभवी होते. पण रोगी किती मोठा आहे याची जाणीव त्यांना पंतप्रधान चर्चिल यांनी स्वतः करून दिली होती, आणि त्या दडपणाने त्यांचा हात कापला, असं पुढे अनेकांनी लिहिलं. मोठ्या माणसाचं ऑपरेशन डॉक्टरसाठी अवघड असतं हे आपल्याकडेही ऐकायला मिळतं. महिना संपायच्या आत दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं, आणि त्यात ईडन जेमतेम वाचले. त्या दिवसांत बोस्टनच्या लेही क्लिनिकचे रिचर्ड कॅटल लंडनला आले होते. बिघडलेल्या पित्तनलिका दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा होता. जूनमध्ये त्यांनी बोस्टनला ईडन यांच्यावर तिसरी शस्त्रक्रिया केली. नलिकेचा तुटका भाग सोडून देऊन यकृताकडून येणारी पित्ताची वाट थेट लहान आतड्याला जोडली. ईडन तिकडे अंथरुणात असतानाच इकडे चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. ब्रिटनचा पंतप्रधान आणि त्याचा ठरलेला वारस, दोघेही एकाच वेळी निकामी. पंतप्रधानांचं दुखणं तर जनतेपासून लपवूनच ठेवलं गेलं.

शस्त्रक्रियेने प्राण वाचले, पण त्याबरोबर एक कायमचं दुखणं मागे लागलं. निरोगी माणसात पित्तनलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. ते पित्ताला खाली सोडतं, पण आतड्यातल्या जंतूंना वर चढू देत नाही. शिवाय पित्त सतत वाहत असतं आणि चुकून शिरलेल्या जंतूंना धुऊन नेतं. ईडन यांच्या शरीरात ते कडं आता वाटेतून बाद झालं होतं. आतडं आणि यकृत यांच्यामध्ये रखवालदारच उरला नव्हता. त्यात जोडलेली जागा वण धरून आकसली की पित्त तुंबणार, तुंबलं की जंतू वाढणार. आतला दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तेच जंतू उलटे रक्तात शिरणार. मग थंडी, ताप, घाम. नेमक्या त्याच तापाने ईडन पुढची कित्येक वर्षं मधूनमधून फणफणत राहिले.

त्यांच्या काळात डॉक्टरांच्या हाती कोणती औषधं होती? पेनिसिलिन होतं, पण पित्तात शिरणारे जंतू बहुतेक आतड्यातले, ई. कोलाय आणि क्लेबसिएला यांसारखे. त्यांना बाहेरून एक जादा आवरण असतं, आणि जुनं पेनिसिलिन त्यांच्यापुढे जवळजवळ निरुपयोगी होतं. 1943 मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. 1947 मध्ये व्हेनेझुएलातल्या मातीतून क्लोरँफेनिकॉल आलं. 1948 मध्ये लेडर्ली कंपनीने टेट्रासायक्लीन घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, जाहीर केलं. लेडर्लीच्या संशोधन विभागाचे प्रमुख तेव्हा आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. ईडन तापाने फणफणत होते ती वर्षं अशी होती. एकीकडे अँटिबायोटिकचा सुवर्णकाळ, दर वर्षा-दोन वर्षांनी नवं औषध. दुसरीकडे पित्तनलिकेचा रोगी तेवढ्यापुरता बरा होऊन पुन्हा आजारी पडतोय.

याचं एक कारण औषधाच्या प्रवासातच आहे. यातली बरीच औषधं यकृतातून पित्तात उतरतात आणि तिथे साचतात, म्हणून ती या आजारात उपयोगी पडतील असं वाटायचं. पण पित्ताचीच वाट बंद असेल तर औषधही त्या नळीत नीट उतरत नाही. ज्या वेळी त्याची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच वेळी ते जागेवर पोचत नाही. रक्तातल्या जंतूंना ते मारतं, ताप उतरवतं, जीव तगवून धरतं. तुंबलेल्या डबक्यात मात्र जंतू तसेच राहतात.

आता 1956 कडे येऊ. 19 जुलैला अमेरिकेने आस्वान धरणासाठी देऊ केलेला पैसा मागे घेतला. 26 जुलैला अलेक्झांड्रियातल्या भाषणात नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कालवा खोदणाऱ्या द लेसेप्सचं नाव भाषणात आलं की ताबे घ्यायचे, असा संकेत आधीच ठरलेला होता. ही बातमी ईडन यांना कळली तेव्हा ते इराकचे राजे फैसल दुसरे आणि पंतप्रधान नुरी अल-सईद यांच्यासोबत डाउनिंग स्ट्रीटवर जेवत होते. एका अरब देशाच्या धडाडीची बातमी दुसऱ्या अरब देशाच्या राजाच्या ताटासमोर आली, आणि नुरी यांनी सल्ला दिला तो नासरना लवकर आणि जोरात ठोकण्याचा. अरब एकजुटीवर हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी हे ताट विसरू नये.

5 ऑक्टोबरला, शुक्रवारी, ईडन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या आपल्या पत्नीला, क्लॅरिसाला, भेटायला गेले होते. तिथेच त्यांना हुडहुडी भरली. ताप 106 अंश फॅरनहाइटवर गेला. त्यांनाही तिथेच ठेवून घेतलं, आणि सोमवारी ते कामावर परतले. 14 तारखेला फ्रान्सचे जनरल मोरिस शाल आणि मंत्री आल्बेर गाझिए त्यांना गुपचूप भेटले. इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा, मग ब्रिटन-फ्रान्सने भांडण सोडवण्याच्या निमित्ताने कालव्यावर सैन्य उतरवायचं, असा बेत त्यांनी मांडला. 22 ते 24 ऑक्टोबर या दिवसांत पॅरिसजवळ सेव्ह्रला तिन्ही देशांत तो लेखी पक्का झाला. 29 ला इस्रायलने हल्ला केला, 31 ला ब्रिटिश-फ्रेंच विमानांनी बाँब टाकायला सुरुवात केली. पोर्ट सईदच्या वस्त्यांत माणसं मेली. 6 नोव्हेंबरला, अमेरिकेचा दबाव आणि पौंडाची घसरगुंडी यांपुढे नमून, ब्रिटनने युद्ध थांबवलं. महिना संपायच्या आत ईडन विश्रांतीसाठी जमैकाला गेले. 20 डिसेंबरला संसदेत त्यांनी सांगितलं की इस्रायल हल्ला करणार याची आपल्याला आगाऊ माहिती नव्हती. 9 जानेवारी 1957 ला प्रकृतीचं कारण देऊन ते पायउतार झाले.

तारखा अशा ओळीने मांडल्या की एक सरळ गोष्ट तयार होते. 106 अंश ताप, नऊ दिवसांनी फसवा बेत, पंधरवड्याने युद्ध. शिवाय ईडन तेव्हा ड्रिनामिल घेत होते. ते म्हणजे उत्तेजक अँफेटामिन आणि गुंगी आणणारं बार्बिट्युरेट यांचं मिश्रण. डेव्हिड ओवेन स्वतः डॉक्टर आणि ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री. त्यांनी 2005 मध्ये याच विषयावर लेख लिहून ईडन यांच्या निर्णयशक्तीवर आजाराचा आणि औषधांचा परिणाम झाला, असं मत मांडलं. ते मत टाकाऊ नाही. बडे अब्बांना त्या अवस्थेत बघितल्यावर तर मी म्हणेन, तापातून चार दिवसांपूर्वी उठलेल्या माणसाच्या हाती कुणी देशाचं सैन्य देऊ नये.

पण सुएझचा दोष पित्तनलिकेवर ढकलणं मला पटत नाही. तापाच्या सात महिने आधी, 1956 च्या मार्चमध्ये, जॉर्डनच्या राजे हुसेन यांनी आपल्या फौजेचे ब्रिटिश सेनापती ग्लब पाशा यांना काढून टाकलं. त्यामागे नासरच आहेत, असं ईडन यांनी मनाशी धरलं. त्यांचे राज्यमंत्री अँथनी नटिंग यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की ईडन त्या वेळी फोनवर नासरना संपवण्याची भाषा करत होते. राष्ट्रीयीकरणाच्या दुसऱ्याच दिवशी, 27 जुलैला, ब्रिटिश मंत्रिमंडळाने गरज पडली तर बळाचा वापर करायचं ठरवलं. ते मंत्रिमंडळ काही तापाने फणफणलेलं नव्हतं. फ्रान्सचे पंतप्रधान मोले आणि त्यांच्या सेनापतींना अल्जीरियाच्या लढ्यामागे नासर दिसत होते, त्यांचंही पित्त धड होतं. उलट ज्याने हे युद्ध थांबवायला लावलं त्या आयझेनहॉवर यांना आदल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांचे परराष्ट्रमंत्री डलेस यांच्या पोटातल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तर युद्ध चालू असतानाच, 3 नोव्हेंबरला, झाली. आजारी माणसं दोन्ही बाजूंना होती.

तापाने ईडन यांना घाई झाली असेल, चिडचिड वाढली असेल, सल्ला नकोसा झाला असेल. इजिप्तचा कालवा इजिप्तचा नाही, ही समजूत मात्र तापातली नव्हती. ती 1882 पासूनची, लंडनच्या धडधाकट डोक्यांतली. आजारामुळे चूक झाली असं म्हटलं की साम्राज्य निर्दोष सुटतं आणि सगळा भार एका नळीवर येतो. नासरचे भक्त असलेले माझे आजोबा आणि ईडनचे चरित्रकार या एका बाबतीत सारखेच होते. दोघांनाही गोष्ट एका माणसाची वाटत होती. पुढे नासर यांनी आपल्याच देशातल्या विरोधकांना, इख्वान आणि कम्युनिस्ट दोघांनाही, तुरुंगात कसं कोंबलं, हे आजोबा सांगत नसत.

ईडन यांचा पुढचा आजारही सांगायला हवा. 1957 मध्ये बोस्टनला कॅटल यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. वाट पुन्हा आकसली होती. मग बरीच वर्षं बरी गेली. 1970 मध्ये त्याच शहरात आणखी एकदा पोट उघडावं लागलं. 14 जानेवारी 1977 ला ते वारले. त्यांच्या मृत्यूच्या तीनच वर्षं आधी, 1974 मध्ये, जपानात क्योटोला कावाई यांनी आणि जर्मनीत एर्लांगेनला क्लासेन व डेमलिंग यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेचं ते कडं आतूनच कापून दाखवलं. पोट न फाडता खडा काढता येऊ लागला, नळी ठेवून तुंबलेलं पित्त सोडता येऊ लागलं.

हे खरंच जास्त लोकांना वाचवतं का, याचं स्पष्ट उत्तर हाँगकाँगने दिलं. तिथे हा आजार फार. तिथल्या डॉक्टरांनी गंभीर अवस्थेतल्या 82 रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. अर्ध्यांना दुर्बिणीतून वाट करून दिली, अर्ध्यांची शस्त्रक्रिया केली. 1992 मध्ये निकाल छापून आला. शस्त्रक्रियेच्या गटात 32 टक्के मेले, दुर्बिणीच्या गटात 10 टक्के. अँटिबायोटिकचा आधार दोन्हीकडे होताच.

दरम्यान औषधंही बदलत गेली. 1961 मध्ये अँपिसिलिन आलं. ते पेनिसिलिनचंच सुधारलेलं रूप, पण ई. कोलायला लागू पडणारं. पुढे त्याच्या जोडीला जेंटामायसिन देण्याचा प्रघात पडला. ती जोडी वर्षानुवर्षं चालली, पण काविळीच्या रोग्याच्या मूत्रपिंडाला जेंटामायसिन बाधतं, म्हणून डॉक्टर धास्तावलेले असत. सार्डिनियात कालियारीच्या किनाऱ्यावर गटार जिथे समुद्राला मिळतं, तिथल्या पाण्यातून 1945 मध्ये जुझेप्पे ब्रोत्सू यांनी एक बुरशी वेगळी केली होती. तिच्यातून सेफॅलोस्पोरिन घराणं जन्मलं, आणि त्याची तिसरी पिढी ऐंशीच्या दशकात या आजाराचं नेहमीचं औषध बनली. त्यातल्या सेफ्ट्रिॲक्झोनची एक गंमत अशी की ते पित्ताशयात स्वतःच खड्यासारखा साका धरू शकतं, आणि औषध बंद केलं की तो बहुधा विरघळून जातो.

ही औषधं आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली त्याचीही एक गोष्ट आहे. बर्लिनला रसायनशास्त्र शिकून आलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत सिप्ला सुरू केली. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीच्या पेटंटला मान्यता दिली. हमीद यांचे चिरंजीव युसूफ हे अशा कायद्यासाठी झटणाऱ्यांपैकी एक. वेगळ्या पद्धतीने तेच औषध भारतीय कंपन्या बनवू लागल्या, आणि किमती उतरल्या. लाखो माणसं त्याने वाचली. आणि तीच स्वस्त गोळी सर्दीला, जुलाबाला, अंगदुखीला, चिठ्ठीविना वाटली जाऊ लागली. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रोग्यात असा क्लेबसिएला सापडला की राखून ठेवलेली सर्वांत जोरकस अँटिबायोटिकंही त्याच्यापुढे चालेनात. त्याला ते बळ देणाऱ्या घटकाच्या नावात नवी दिल्ली आली, तेव्हा आपल्याकडे नावावरून केवढा गहजब झाला. मार्च 2014 पासून बऱ्याच अँटिबायोटिकांसाठी दुकानदाराने चिठ्ठी बघावी आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवावी, असा नियम आहे. आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये ती वही मी पाहिलेली नाही.

2006 मध्ये टोकियोत जगभरच्या डॉक्टरांची परिषद भरली. तिच्यातून निघालेले नियम आज सगळीकडे वापरतात, 2013 आणि 2018 मध्ये ते सुधारले गेले. रोगी अत्यवस्थ असेल तर तासाभरात अँटिबायोटिक, नाहीतर सहा तासांच्या आत. औषध निवडताना त्या भागातले जंतू कशाला दाद देत नाहीत ते बघायचं. ईडन यांच्यासारखी पित्ताची वाट आतड्याला जोडलेली असेल, तर प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंवरही औषध द्यायचं. पित्ताला वाट द्यायची. आणि वाट मोकळी झाली की सहसा चार ते सात दिवसांत औषध थांबवायचं. हे शेवटचं वाचून मी चकित झालो होतो. इतक्या मोठ्या आजाराला इतकंच औषध? पण डबकं वाहून गेल्यावर औषधाला काम ते काय उरणार.

त्या रात्री एकच्या सुमारास बडे अब्बांच्या नळीत प्लास्टिकची बारीक नळी बसवून पित्ताला वाट करून दिली. डॉक्टर म्हणाले, आधी पू आला. सकाळी त्यांनी मला नावाने हाक मारली. तिसऱ्या दिवशी कल्चरचा कागद आला. ई. कोलाय. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे इंग्रजी अक्षर, दाद देतो की देत नाही याचं. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीपुढे 'देत नाही' असं होतं. सुरू असलेलं इंजेक्शन चालणार होतं. त्याच्याखेरीज चालणारी औषधं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सातव्या दिवशी इंजेक्शन बंद केलं. खडा पुढे पुन्हा दुर्बिणीतून काढला, आणि महिन्याभराने पित्ताशयही. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांत एकही अँटिबायोटिक नव्हतं. जमाल चाचांना ते पटेना. "डॉक्टरसाब, इतना बडा बुखार था, अजून पाच-सात दिवसांचं तरी लिहून द्या." डॉक्टर हसून नाही म्हणाले. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे.

घरी पोचलो तेव्हा माळ खिळ्यावर तशीच होती. बडे अब्बा खाटेवर टेकले, आणि जमाल चाचांनी कुडत्याच्या खिशातून गोळ्यांचं नवं पाकीट काढून उशाशी ठेवलं. येताना गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून ते का उतरले होते, ते मला तेव्हा कळलं.